डोरिया पाम्फिली राजवाडा

इटलीची राजधानी रोम येथील एका सरदार घराण्याचा राजवाडा व त्यातील खाजगी चित्रसंग्रह. शहराच्या मध्यवर्ती कोर्सो रस्त्यावर, व्हेनेझिया चौकाजवळ तो आहे. याच घराण्याचा नावोना चौकातील पाम्फिली राजवाडा (सध्या ब्राझीलची वकिलात) आणि जानीकोलो टेकडीच्या बाजूचे विस्तीर्ण उद्यान व त्यातील प्रासाद या निराळ्या वास्तू होत.

वाड्याचा सर्वांत जुना भाग सोळाव्या शतकाच्या आरंभी कार्डिनल (पोपखालोखालचा कॅथलिक धर्माधिकारी) फात्सिओ सांतोरिओ याने बांधविला. पुढे तो देल्ला रोव्हेरे घराण्याकडे गेला आणि १६०१ मध्ये कार्डिनल पिएत्रो आल्दोब्रांदीनी याने तो विकत घेतला. दहावा इनोसंट (कारकीर्द १६४४–५५) हा पाम्फिली घराण्यातील पोप. त्याचा पुतण्या कामिल्लो याने कार्डिनलपद सोडून १६४७ मध्ये ओलिंपिया आल्दोब्रांदीनी या तरुण विधवेशी विवाह केला. कामिल्लोची आई ओलिंपिया माइदालकीनी हिचा या विवाहाला विरोध होता. तथापि त्यामुळेच हा वाडा आणि आल्दोब्रांदीनींची चित्रे पाम्फिलींकडे आली. सासू-सुनेचे नाव एकच असल्याने जुनी कागदपत्रे वाचताना काळजी घ्यावी लागते. कोर्सोकडील दर्शनी भाग गाब्रिएले वाल्व्हास्सोरी याने १७३० नंतरच्या दशकात उभारला. वाड्याच्या आतील चौकाभोवतीचे वरच्या मजल्यावरील उघडे सज्जे बंद करून त्याने चित्रदालने तयार केली. १७६० मध्ये पाम्फिलींचा पुरुषवंश खुंटला व वारसा जेनोव्हाच्या डोरिया घराण्याकडे गेला, जोडनाव तेव्हापासूनचे.

संग्रह टिकून राहण्याचे कारण कायद्यात आहे. इनोसंटने १६५१ मध्ये हा ठेवा अविभाज्य वारसा ठरविला : वारसाने त्याचा उपभोग घ्यावा, पण तो विकू अथवा वाटू नये. आपल्याकडील देवस्थान इनामाच्या जमिनीवरील निर्बंध आठवला, तर ही कल्पना लवकर उमगते. रोम इटलीच्या राज्यात आल्यावर असे वारसे रद्द होणार होते. मात्र १८७१ च्या कायद्याने रोममधील चित्रसंग्रह व ग्रंथसंग्रह त्यातून वगळले आणि ते अखंड ठेवण्याचे बंधन कायम राखले. बोर्गेझे या दुसऱ्या सरदार घराण्याचा संग्रह १९०२ मध्ये सरकारने विकत घेतला. बार्बेरीनी घराण्याला १९३४ मध्ये या बंधनातून सूट मिळाली आणि त्यांची कित्येक चित्रे पांगली. डोरिया पाम्फिली संग्रह मात्र घराण्याच्याच मालकीत, त्याच भिंतींवर राहिला. रोममधील इतर संग्रहांच्या तुलनेत त्याचे खरे महत्त्व येथे आहे.

सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केस याने रोमच्या दुसऱ्या भेटीत, बहुधा १६५० मध्ये, रंगविलेले इनोसंटचे व्यक्तिचित्र. तांबड्या पडद्यापुढे तांबड्या खुर्चीत, तांबड्या वस्त्रांत बसलेला पोप. एकाच रंगाच्या इतक्या छटा असूनही नजर प्रथम जाते ती त्याच्या सावध, संशयी डोळ्यांकडे. हातातील कागदावर चित्रकाराचे नाव आहे. चित्र पाहून पोप ‘फारच खरे’ असे उद्‌गारला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते, पण तिला समकालीन आधार नाही. चित्र एका लहान खोलीत असून बेर्नीनीने घडविलेला त्याच पोपचा संगमरवरी अर्धपुतळा तेथेच आहे. रंगातला आणि दगडातला असा एकच माणूस हाताच्या अंतरावर पाहण्याची संधी विरळाच.

कारावाज्जोच्या तीन चित्रांपैकी ‘पश्चात्तापदग्ध मॅग्डालिन’ व ‘ईजिप्तच्या वाटेवरील विसावा’ ही त्याच्या आरंभीच्या काळातील (सु. १५९४–९७) असून ती त्यानेच रंगविली याविषयी वाद नाही. दुसऱ्यात मेरीचा पती जोसेफ याने धरलेल्या कागदावरील स्वरलेखन वाचता येते. ती नोएल बोल्डवाइन या संगीतकाराची रचना असल्याचे ओळखले गेले आहे. वाद आहे तो तिसऱ्याविषयी. मेंढ्याच्या गळ्यात हात टाकून हसणाऱ्या नग्न मुलाचे हे चित्र ‘बाप्तिस्मा देणारा योहान’ म्हणून ओळखले जाते. अशीच दुसरी प्रत रोमच्या कापितोलीनो संग्रहालयात आहे. दीर्घकाळ डोरिया प्रत मूळ मानली जाई. १९५३ च्या सुमारास डेनिस माहन या अभ्यासकाने कापितोलीनो प्रतीकडे लक्ष वेधले. पुढे रोममधील मात्तेई या सरदार घराण्याच्या हिशेबवह्यांत १६०२ सालच्या रकमांच्या नोंदी सापडल्या आणि त्यांचा संबंध कापितोलीनो प्रतीशी जोडला गेला. त्यामुळे ती मूळ, हे मत आता बहुतेकांना ग्राह्य वाटते. डोरिया प्रत कारावाज्जोने स्वतः पुन्हा रंगविली की अन्य कुशल हाताने नक्कल केली, यावर एकमत नाही. विषयही निश्चित नाही : येथे योहानाचा क्रूस नाही आणि कोकराऐवजी मोठा मेंढा आहे, म्हणून काही अभ्यासक मुलाला बायबलमधील इसहाक (ज्याच्याऐवजी मेंढ्याचा बळी दिला गेला), तर काही ग्रीक पुराणातील फ्रिक्सस मानतात. मात्तेईंच्या जुन्या सूचीत ‘योहान’ असाच उल्लेख असल्याने रूढ नाव बदलण्याचे कारण दिसत नाही.

आन्नीबाले काराच्चीचे ‘ईजिप्तला पलायन’ (सु. १६०४) हे अर्धवर्तुळाकार चित्र याच वाड्यातील प्रार्थनागृहासाठी काढले गेले. आदर्श (निसर्ग जसाच्या तसा न दाखविता सुसंवादी रचनेत मांडणाऱ्या) निसर्गचित्रणाच्या परंपरेचा आरंभ अनेकदा त्यापासून मानतात. याशिवाय राफाएलचे दुहेरी व्यक्तिचित्र, टिशनची ‘सालोमे’, मेमलिंग व थोरला ब्रूगेल यांची चित्रे आणि आल्गार्दीने घडविलेला माइदालकीनीचा अर्धपुतळा उल्लेखनीय आहेत.

दालनांतील मांडणी १७६७ च्या एका दस्तऐवजाला अनुसरून आहे. चौकटीला चौकट भिडवून चित्रे जमिनीपासून छतापर्यंत रांगांनी टांगलेली आहेत. कालखंड वा देश यांनुसार गट पाडलेले नाहीत. थोर कृतीशेजारी सामान्य नक्कलही दिसते. आधुनिक संग्रहालयांना सरावलेल्या प्रेक्षकाला हे प्रथम गोंधळाचे वाटते. वरच्या रांगा तर नीट दिसतही नाहीत. परंतु अठराव्या शतकातील सरदार आपला संग्रह कसा पाहत, हे दुसऱ्या कोणत्याही रीतीने इतके समजत नाही. आरसे दालनाच्या छतावर आउरेलिआनो मिलानीने हर्क्युलीझच्या पराक्रमांची भित्तिचित्रे काढली आहेत. दुसऱ्या महायुद्धात रोम मुक्त झाल्यावर (१९४४) फासिस्टविरोधी राजपुत्र फिलिप्पो आंद्रेआ डोरिया पाम्फिली हे शहराचे महापौर झाले. दालने व काही शाही खोल्या तिकीट काढून पाहता येतात.