प्रेशर कुकरमध्ये कडधान्ये शिजवणे

वाळलेली सबंध कडधान्ये पाण्यात भिजवून बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली मऊ करण्याची ही पद्धत गेल्या काही पिढ्यांत मुंबईच्या मराठी घरांत इतकी रुळली आहे की, उसळ करायची म्हणजे आधी कुकर लावायचा, हे गृहीतच धरले जाते. मूग, मटकी, चवळी, मसूर, हरभरा, छोले, राजमा, पांढरे, हिरवे व काळे वाटाणे आणि कुळीथ ही कडधान्ये या पद्धतीने शिजवतात. त्यांपासून उसळ, आमटी, मिसळ, रगडा, सांबारे असे पदार्थ होतात. उघड्या पातेल्यात छोल्यांना तासाहून अधिक वेळ लागतो. भिजवलेले छोले कुकरमध्ये त्याच्या एक तृतीयांश वेळातही शिजतात.

दाणा शिजतो तेव्हा दोन वेगळ्या क्रिया घडतात. पहिली म्हणजे पाणी आत शिरणे. वाळलेल्या दाण्यात पाण्याचा अंश जेमतेम १० ते १४ टक्के असतो, आणि भिजताना तो साधारण स्वतःच्या वजनाएवढे पाणी पितो. दुसरी क्रिया उष्णतेची असते : आतला स्टार्च पाणी घेऊन फुगतो आणि पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे पेक्टिन विरघळू लागते, त्यामुळे दाणा बोटाने दाबताच चिरडतो. कुकर दुसरी क्रिया झपाट्याने उरकतो. पहिलीला मात्र वेळच द्यावा लागतो, आणि तो न दिल्यास साल फाटलेला, बाहेरून पिठूळ पण मध्ये कच्चा असा दाणा पदरी पडतो. घाईत न भिजवलेले हरभरे कुकरला लावून दुप्पट शिट्ट्या काढण्याची रीत म्हणूनच समाधानकारक नाही.

बंद भांड्यात वाफ कोंडून पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवण्याची कल्पना जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ यांनी १६७९ मध्ये असे भांडे तयार केले आणि पुढे त्याला वाफ सोडणारी सुरक्षा झडपही जोडली. मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातले पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरी ते साधारण ९५.५ अंशांनाच उकळू लागते. घरगुती कुकरमध्ये हवेच्या दाबाहून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम एवढा जादा दाब राहतो, त्यामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास पोचते. वीस अंशांचा हा फरक वरकरणी लहान वाटला, तरी पेक्टिन विरघळण्याचा वेग त्यामुळे कित्येक पटींनी वाढतो. भारतात हे भांडे घरोघरी पोचवणाऱ्या कंपन्यांपैकी हॉकिन्सची स्थापना १९५९ मध्ये मुंबईतच झाली. या कंपनीच्या कुकरचे झाकण आतून बसते आणि वाफेचा दाबच त्याला वर रेटून घट्ट धरतो. म्हणून आत दाब असेतो ते उघडत नाही.

भिजवण्यास आठ ते दहा तास पुरतात. मुंबईच्या उकाड्यात मात्र रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भांड्यातल्या पाण्यावर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये पाणी एकदा बदलावे किंवा भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. भिजवण्याच्या पाण्यात थोडे मीठ घालणे चांगले. मिठाने कडधान्य शिजत नाही ही समजूत सर्वत्र आढळते, परंतु मिठातील सोडियम सालीतल्या कॅल्शियम व मॅग्नेशियमची जागा घेतो आणि साल उलट मऊ होते. भिजवलेले पाणी टाकून दिले की त्याबरोबर रॅफिनोज, स्टॅकिओज या पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही काही प्रमाणात निघून जातात. आयत्या वेळी ठरल्यास दाणे दोन मिनिटे खळखळून उकळावेत आणि झाकून तासभर तसेच ठेवावेत; रात्रभर भिजवण्याला ही बऱ्यापैकी तोड आहे.

सगळे करूनही कडधान्य टणक राहते, त्याची कारणे दोन आहेत व ती वेगवेगळी आहेत. मटकी किंवा मूग भिजवल्यावर तळाशी काही दाणे मुळीच न फुगता खड्यासारखे राहतात. यांना गणंग म्हणतात. त्यांच्या सालीतून पाणी आत जातच नाही, त्यामुळे ते निवडून टाकणे एवढाच उपाय असतो. याउलट जुन्या छोल्या-राजम्याचे दाणे छान फुगतात आणि तरीही शिजत नाहीत. उष्ण व दमट हवेत महिनोन्‌महिने साठवण झाली की दाण्यात फॉस्फरस साठवून ठेवणाऱ्या फायटेट या संयुगाचे विघटन होते, त्यातून सुटलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते आणि मग ते विरघळेनासे होते. पावसाळ्याचे चार महिने सोसलेले डब्यातले कडधान्य मुंबईत याला लवकर बळी पडते. म्हणून वर्षाचे सामान भरण्याची गावाकडची पद्धत कडधान्यांपुरती येथे सोडावी आणि महिन्या-दोन महिन्यांपुरतेच आणावे, हे अधिक शहाणपणाचे.

पाण्याचाही परिणाम असतो. महापालिकेचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा पावसावर भरणाऱ्या जलाशयांतून येते आणि ते तुलनेने मृदू असते. उपनगरांतल्या ज्या इमारती बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालतात, तेथील पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे, असल्यास त्यातले कॅल्शियम वर सांगितल्याप्रमाणेच आडवे येते. अशा ठिकाणी भिजवण्यासाठी व शिजवण्यासाठी पिण्याचे पाणी वापरावे. चिमूटभर खाण्याचा सोडा दाणा चटकन मऊ करतो खरा, पण त्याने थायामिन हे जीवनसत्त्व नष्ट होते, दाण्याला साबणासारखी चव येते आणि उसळीचा गाळ होतो. रगड्याचे वाटाणे वगळता त्याची गरज क्वचितच पडते.

शिट्ट्या मोजणे ही या पद्धतीतली सर्वांत रूढ आणि सर्वांत फसवी गोष्ट आहे. शिट्टी होते ती आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यामुळे, आणि किती वेळाने होते ते आचेवर, कुकरच्या आकारावर व आतल्या पाण्यावर ठरते. तीन लिटरच्या कुकरमध्ये मोठ्या आचेवर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, तर पाच लिटरच्या कुकरमध्ये मध्यम आचेवर त्यांनाच पाव तास लागू शकतो. पाककृतीत मात्र दोन्हीकडे ‘चार शिट्ट्या’ एवढेच लिहिलेले असते. शिवाय प्रत्येक शिट्टीबरोबर दाब एकदम उतरून पाणी खळबळते, दाणे एकमेकांवर आपटून फुटतात आणि पिवळट फेसाचे शिंतोडे शेगडीभर उडतात. पहिली शिट्टी होताच आच बारीक करावी आणि तेथून घड्याळ लावावे, ही खात्रीची रीत. भिजवलेल्या मूग, मसूर व चवळीला सर्वसाधारणपणे ५ ते ८ मिनिटे, पांढऱ्या-हिरव्या वाटाण्यांना ८ ते १२, हरभरा, छोले व राजम्याला १५ ते २० आणि काळे वाटाणे व कुळीथ यांना २० ते २५ मिनिटे लागतात. दाणे थेट कुकरमध्ये न घालता वरण-भाताच्या डब्यांबरोबर वेगळ्या डब्यात ठेवले, तर उष्णता सावकाश पोचते आणि वेळ वाढतो.

गॅस बंद केल्यावर कुकर आपोआप पडू द्यावा. शिट्टी उचलून वाफ घालवली की दाण्याच्या आतले पाणी क्षणात उकळते आणि साली फाटतात. आमटीला किंवा रगड्याला ते चालते. उसळीत मात्र दाणा अख्खा दिसला पाहिजे. चिंच, आमसूल, टोमॅटो हे आंबट पदार्थ पेक्टिनला विरघळू देत नाहीत, त्यामुळे ते दाणे पूर्ण शिजल्यावरच घालावेत. गूळही शेवटी घालतात.

मुंबईच्या स्वयंपाकात कुकरचे महत्त्व सर्वांत ठळकपणे दिसते ते काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात. लालबाग, परळ, गिरगावातल्या मालवणी घरांत गणपतीच्या दिवसांत वड्यांबरोबर किंवा आंबोळ्यांबरोबर हे हमखास होते. हा वाटाणा लहान, गडद तपकिरी आणि जाड सालीचा असतो; दहा तास भिजूनही त्याचा आकार फारसा वाढलेला वाटत नाही, आणि उघड्या पातेल्यात तो अंत पाहतो. कुकरमधून काढल्यावर दाणा अंगठा व तर्जनी यांत धरून दाबावा : साल घसरून आतला गर लोण्यासारखा पसरला तर तो झाला, आणि मध्ये करकर लागली तर आणखी पाच मिनिटे द्यावीत. शिजलेल्यांपैकी मूठभर वाटाणे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपात वाटून घेतल्याने रस दाट होतो. शिजवलेले काळपट पाणी फेकू नये, सांबाऱ्याची खरी चव त्यातच उतरलेली असते.

सगळीच कडधान्ये कुकरची नव्हेत. मोड काढून सोललेले कडवे वाल, म्हणजे बिरडे, इतके नाजूक असतात की दाबाखाली त्यांचे पिठले होते. सीकेपी व पाठारे प्रभू घरांतले बिरडे म्हणूनच कढईत, झाकणावर पाणी ठेवून, मंद आचेवर शिजवतात, आणि ही पद्धत सोडू नये. मोड आलेल्या मटकीलाही कढईच पुरते. कुकर लावलाच तर पहिली शिट्टी होताच उतरवावा.

राजम्याच्या बाबतीत कुकर हा सोयीहून अधिक आहे. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचे प्रथिन, असते आणि चार-पाच कच्चे दाणे खाल्ल्यानेही उलट्या व जुलाब होऊ शकतात. ते नष्ट होण्यासाठी दाणे खळखळून उकळावे लागतात. ८० अंशांच्या आसपास रेंगाळत शिजवल्यास विषारीपणा उलट वाढतो. कुकरच्या तापमानाला ही भीती उरत नाही. भिजवलेले पाणी येथे टाकूनच द्यावे.

कुकर कडधान्याने व पाण्याने मिळून निम्म्याहून अधिक भरू नये, कारण दाणे फुगतात आणि फेस वर चढतो. चमचाभर तेल घातल्यास फेस दबतो. सुटी झालेली साल वाफेच्या नळीत अडकली तर दाब वाढत राहतो आणि प्रसंग सुरक्षा झडपेवर येतो. त्यामुळे प्रत्येक वेळी नळीतून उजेडाकडे पाहून ती मोकळी असल्याची खात्री करावी, आणि कडक झालेली रिंग बदलावी. घरगुती कुकरसाठी भारतीय मानक ‘आयएस २३४७’ असून २०२१ पासून त्याचे चिन्ह बंधनकारक आहे. झडप व रिंग त्याच कंपनीची घ्यावी. शिजलेले कडधान्य मुंबईच्या हवेत दुपारपर्यंतच चिकट होऊ लागते, म्हणून निवताच ते त्याच्या पाण्यासह फ्रिजमध्ये ठेवावे व तीन दिवसांत संपवावे.