तीन लाख वर्षं टिकलो, पण मागच्या ऐंशी वर्षांचं काय?

माणूसजात संपेल का असा विषय निघाला की लोकांना पहिला आठवतो तो लघुग्रह, कारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी साधारण १० किमीचा दगड मेक्सिकोतल्या युकातानला आदळला आणि डायनासोर गेले हे सगळ्यांना माहितीये. भीती खोटी नाही, पण जरा हिशोब करून बघा. आपली प्रजाती सुमारे ३ लाख वर्षं जुनी, म्हणजे ३००० शतकं. निसर्गाने आपल्याला संपवायची शक्यता दर शतकाला नुसती १ टक्का जरी असती ना, तरी इतकी शतकं निभावणं जवळपास अशक्य होतं, म्हणजे खरा धोका त्याहून खूपच कमी असणार.

पण हा दिलासा फक्त निसर्गापुरता. अणुबॉम्ब १९४५ चा, आणि विषाणू लॅबमध्ये हवा तसा बदलणं तर त्याहून अलीकडचं, यांचा एका शतकाचाही रेकॉर्ड नाही आपल्याकडे.

आणि जो थोडासा आहे तो वाचून पोटात गोळा येतो. २६ सप्टेंबर १९८३, सोव्हिएत युनियनमध्ये स्टानिस्लाव पेत्रोव नावाचा अधिकारी उपग्रहांवरून मिसाईल हल्ल्याचा इशारा देणाऱ्या केंद्रात रात्रपाळीला होता, स्क्रीनवर आलं की अमेरिकेने मिसाईल सोडलं, मग अजून चार. त्याने विचार केला, खरंच हल्ला करायचा तर कोणी फक्त पाचच सोडेल का? वर सिस्टीम नवीन, जमिनीवरच्या रडारला काही दिसत नव्हतं. त्याने खोटा अलार्म म्हणून कळवलं. नंतर कळलं, ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता!

योगायोग बघा, २६ सप्टेंबरलाच, २०२२ साली, नासाचं डार्ट यान डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं आणि एका मोठ्या लघुग्रहाभोवतीचा त्याचा ११ तास ५५ मिनिटांचा फेरा अर्ध्या तासाने कमी झाला. म्हणजे दगड वेळेत दिसला तर त्याचं काहीतरी करता येतं, आणि मोठे दगड बरेचदा कित्येक वर्षं आधी दिसतात. मिसाईल मात्र अर्ध्या तासात पोचतं, त्यातली निर्णयाला उरतात काही मिनिटं.

म्हणून मला वाटतं, विचार करायला मिळणारा वेळ वाढवणं हेच सगळ्यात मोठं काम आहे. १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत मिसाईलवरून अणुयुद्ध पेटायची वेळ आली होती, त्या क्युबा संकटात मॉस्को आणि वॉशिंग्टनचे निरोप पोचायलाच तासन्‌तास लागत होते, म्हणून १९६३ मध्ये दोघांनी थेट हॉटलाईन टाकली. एकमेकांवर काडीचा विश्वास नसतानाही त्यांना ते जमलं.