देणग्यांवर उभे राहिलेले वाद्य

बॉस्टनच्या ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यात आठ घंटांचा संच आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या एबल रुडॉल यांनी तो १७४४ मध्ये ओतला. त्यांतल्या एका घंटेवर कोरले आहे, की हा आठ घंटांचा संच म्हणजे अनेक उदार माणसांनी ख्राइस्ट चर्चला, म्हणजे याच चर्चला, दिलेली भेट होय. त्या ओळीत ना कोणाचे नाव, ना रकमेचा उल्लेख. अमेरिकेत घंटांच्या संगीताला लोकांनी कसे सांभाळले, हे पाहायचे तर या ओळीपासूनच सुरुवात करावी लागते. हातात धरून वाजवायच्या घंटा, म्हणजे हँडबेल, या देशात रुजल्या त्या या मनोऱ्याशी जवळचे नाते असलेल्या एका घरातून.

हँडबेलचा जन्म मात्र इंग्लंडचा. मनोऱ्यातल्या घंटा ठरावीक पद्धतीने क्रम बदलत वाजवण्याची, चेंज रिंगिंगची कला तिथे सतराव्या शतकात बहरली. हे क्रम अंगवळणी पडायला खूप सराव लागतो. थंडीत मनोऱ्यात उभे राहून तो करणे जिकिरीचे, शिवाय प्रत्येक चूक गावभर ऐकू जाणार. म्हणून वादक छोट्या घंटा हातात घेऊन घरात, उबेला बसून सराव करू लागले. विल्टशरमधल्या ऑल्डबर्नचे रॉबर्ट आणि विल्यम कोर हे अशा सुरात लावलेल्या घंटांचे सुरुवातीचे कारागीर मानले जातात. पुढे एकोणिसाव्या शतकात लँकशर आणि यॉर्कशरमधल्या चमूंनी सराव ओलांडून चाली वाजवायला घेतल्या, आणि १८५५ पासून मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात त्यांच्या स्पर्धा भरू लागल्या.

अमेरिकेत हँडबेल आल्या त्या दोन वाटांनी. पहिली वाट तिकिटाची. १८४४ मध्ये पी. टी. बार्नम या करमणुकीच्या धंद्यातल्या बड्या माणसाने लँकशरचा एक चमू करारावर घेतला, त्यांना मिशा वाढवायला लावल्या, अंगावर चित्रविचित्र पोशाख चढवले आणि 'स्विस बेल रिंगर्स' म्हणून अमेरिकेत फिरवले. गर्दी झाली, नक्कल करणारेही पुष्कळ निघाले. नंतरची कित्येक दशके हँडबेल हा करमणुकीच्या रंगमंचावरचा एक प्रकार होऊन राहिला. पण त्यातून शिकणारे तयार झाले नाहीत. प्रेक्षक पैसे मोजून घरी गेले, आणि व्हॉडव्हिलची, म्हणजे गाणी-नाच-विनोदाच्या मिश्र खेळांची, नाट्यगृहे चित्रपटांनी गिळली तेव्हा हे चमूही त्यांच्याबरोबर गेले.

दुसरी वाट भेटीची, आणि टिकली ती हीच. बॉस्टनचे डॉक्टर आर्थर निकल्स यांनी १८९४ मध्ये ओल्ड नॉर्थच्या घंटा दुरुस्त करून पुन्हा वाजत्या केल्या. त्यांची मुलगी मार्गरेट १९०२ मध्ये त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेली आणि तिथे तिने पूर्ण लांबीचे 'पील' वाजवून दाखवले. एका पीलमध्ये पाच हजारांहून अधिक बदल येतात, आणि ते कागद न पाहता, न थांबता वाजवायचे असतात. एवढे करून दाखवणाऱ्या मुलीला लंडनच्या व्हाइटचॅपल ओतशाळेचे आर्थर ह्यूझ यांनी हँडबेलचा एक संच भेट दिला. तो बॉस्टनला आला. लग्नानंतर मार्गरेट शर्क्लिफ झालेल्या या बाईंनी घरच्यांना आणि मित्रमंडळींना त्यावर शिकवले. नाताळच्या आदल्या रात्री बीकन हिलच्या गल्ल्यांतून कॅरोल वाजवत फिरण्याचा त्यांचा परिपाठ शहरात लोकप्रिय झाला. १९२३ मध्ये बीकन हिल रिंगर्स, १९३७ मध्ये न्यू इंग्लंडची संघटना आणि १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविचच्या कॅसल हिल इथे अमेरिकन गिल्ड ऑफ इंग्लिश हँडबेल रिंगर्स ही देशभराची संघटना अशी पुढची पावले पडली. गिल्डच्या पहिल्या अध्यक्ष त्याच होत्या. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की भेट मिळालेला संच त्यांनी कपाटात शोभेला ठेवला नाही. त्यावर दुसऱ्यांना शिकवले.

आर्थिक मदतीचा प्रश्न या वाद्यात पहिल्या दिवसापासून का येतो, हे टेबलाशी जाऊन पाहिले की कळते. जाड फोम अंथरलेल्या लांब टेबलावर घंटा स्वरांच्या क्रमाने मांडलेल्या असतात. एकेका वादकाकडे साधारण दोन मुख्य स्वर आणि त्यांचे कोमल-तीव्र भाऊबंद. घंटा कांस्याची, साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील, लेथवर तासून सुरात आणलेली. घामाने धातू काळवंडू नये म्हणून हातमोजे. लोलक एकाच रेषेत पुढे-मागे हलतो आणि स्प्रिंग त्याला धरून ठेवते, म्हणून मनगटाच्या एका फेकीत एकच स्वच्छ टोला पडतो. मग घंटा खांद्याला टेकवून नाद थांबवायचा. दोन सप्तकांच्या संचात २५ घंटा, तीन सप्तकांत ३७, पाच सप्तकांत ६१. एक वादक गैरहजर राहिला तर चालीतले त्याचे स्वर गळतात, इतके सरळ गणित आहे. व्हायोलिन एखादे मूल स्वतःसाठी घेऊ शकते. हँडबेलचा संच मात्र गटासाठीच घेतला जातो आणि त्याचा खर्च सहसा एका घराच्या आवाक्यातला नसतो. देणगीशिवाय हे वाद्य सुरूच होत नाही.

अमेरिकेच्या करकायद्याने या देण्याला बळ दिले. पहिल्या महायुद्धात कराचे दर चढले, तेव्हा श्रीमंतांनी देणग्या आखडत्या घेऊ नयेत म्हणून १९१७ मध्ये धर्मादाय देणगीवर वैयक्तिक प्राप्तिकरात वजावट सुरू झाली. गिल्ड स्थापन झाली त्याच १९५४ साली नवी करसंहिता आली आणि आज सर्वांच्या तोंडी असलेले ५०१(सी)(३) हे कलम तिच्यात आले. धर्मादाय, धार्मिक आणि शैक्षणिक संस्थांना करमुक्ती देणारे हे कलम. पुढे २०१८ पासून प्रमाणित वजावट, म्हणजे खर्चाचा तपशील न देता मिळणारी ठरावीक सूट, जवळपास दुप्पट झाली. त्यामुळे तपशीलवार वजावट मागणारे घटले आणि छोट्या देणगीदाराला २०२५ पर्यंत कराचा फायदा बहुधा उरला नव्हता. त्या काळात तो देत राहिला तो केवळ संगीतावरच्या प्रेमापोटी.

१९६० नंतर पेनसिल्व्हेनियातल्या शुल्मरिकने आणि १९७० च्या दशकात जेकब माल्टा यांच्या मालमार्कने हँडबेल बनवायला घेतल्या. इंग्लंडहून माल मागवायची गरज संपली आणि चर्चमध्ये संच झपाट्याने वाढले. पुष्कळ संच गेलेल्या आप्ताच्या स्मरणार्थ दिलेले असत. दात्याला हे देणे आवडते, कारण घंटा डोळ्यांना दिसते, दर रविवारी ऐकू येते. पण शिकवणारा निघून गेला की पेट्या बंद होतात. स्प्रिंगा सैल पडतात, लोलकाचे नमदे झिजतात, मुठी बदलाव्या लागतात, आणि या कामांसाठी स्मरणार्थ पैसे देणारा क्वचितच भेटतो. माझे स्पष्ट मत आहे की या क्षेत्रातली खरी उणीव इथेच राहिली: धातूला पैसा मिळाला, शिक्षकाला कमी.

ही उणीव भरून काढायला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक म्हणजे १९८० च्या दशकात आलेले हँडचाइम. ही ॲल्युमिनियमची चौकोनी नळी, वरून दुभंगलेली, लोलक बाहेरच्या बाजूला. घंटेपेक्षा खूप स्वस्त, दणकट, आणि मुलांच्या हातात बिनधास्त देता येईल अशी. मनगटाची फेक, मोजून थांबणे, शेजाऱ्याचा स्वर ऐकणे हे सगळे त्यावर शिकता येते. दुसरी म्हणजे गिल्डचा चाइम उपक्रम: शाळांना चाइमचे संच काही काळ वापरायला द्यायचे, सोबत शिक्षकाला मार्गदर्शन करायचे, मग तोच संच पुढच्या शाळेकडे. ज्या संगीतशिक्षकाने हे वाद्य कधी हातात धरलेले नाही, त्याला सुरुवात करायला याहून सोपी वाट नाही, आणि एकाच देणगीतून वर्षामागून वर्ष नवे वर्ग शिकतात.

२०१० मध्ये गिल्डने हँडबेल म्युझिशियन्स ऑफ अमेरिका हे नाव घेतले. अशा संस्थेचा गाडा सभासदांची वर्गणी, संमेलनांची फी आणि देणग्या या तिन्हींवर चालतो. २०२० मध्ये महासाथीने एका टेबलाशी दहाबारा जणांनी उभे राहणेच बंद पाडले आणि संमेलने थांबली, तेव्हा यांतल्या तिसऱ्याचे, देणग्यांचे, मोल सगळ्यांनाच कळले. विशिष्ट कामासाठी बांधलेली देणगी त्या कामापलीकडे वापरता येत नाही. कायम ठेवीतली देणगी मुद्दल न मोडता व्याज देत राहते. बिनशर्त देणगी मात्र अशा वर्षी कर्मचाऱ्यांचा पगार आणि शिक्षकांची शिबिरे चालू ठेवते. म्हणून हँडबेलसाठी काही द्यायचे मनात असेल, तर नव्या संचाआधी जवळच्या चमूला दोन गोष्टी विचाराव्यात: जुन्या घंटांची शेवटची दुरुस्ती कधी झाली, आणि पुढचा दिग्दर्शक कोण तयार होतो आहे.