बेरेनिकेतली दोन सातवाहन नाणी आणि तेर-पैठणचा बैलगाडीरस्ता

२०२३ च्या एप्रिलमध्ये इजिप्तच्या पुरातत्त्व खात्यानं एक बातमी दिली. तांबड्या समुद्राच्या काठावर बेरेनिके नावाचं जुनं बंदर आहे, तिथं बुद्धाची मूर्ती सापडली. ७१ सेंटीमीटर उंच, संगमरवरी, डोक्यामागं किरणांची प्रभावळ, शेजारी कमळ. दगड बहुतेक आजच्या इस्तंबूलच्या आसपासचा, पण घडवली तिथंच असावी. फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला आणि सोबत "बघा, तेव्हा जगभर आपलंच चालायचं" टाइपच्या कॅप्शनी पण फिरल्या. त्याच बातमीत खाली एक ओळ होती ती मात्र बऱ्याच जणांकडून सुटली: त्याच जागी सातवाहनांची दोन नाणीसुद्धा मिळालीत. सातवाहन म्हणजे आपले पैठणवाले. मूर्तीपेक्षा मला ही नाणीच जास्त इंटरेस्टिंग वाटतात, कारण मूर्ती मुद्दाम बसवतात पण परदेशात दोन नाणी राहून जातात ती कुणाच्या तरी कमरेच्या थैलीतनं पडून. तर ती तिथवर गेली कशी, याची ही पार्श्वभूमी. यातला समुद्र आपल्याला शाळेपासून माहितीय, जमिनीवरचा भाग फारसा कुणी सांगत नाही.

समुद्राचं आधी उरकून टाकू. बेरेनिके इसवी सनापूर्वी २७५ च्या सुमारास इजिप्तचा ग्रीक राजा दुसरा टॉलेमी यानं वसवलं. पुढं इजिप्त रोमच्या ताब्यात गेला आणि इकडची ये-जा एकदम वाढली, ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की तांबड्या समुद्रावरच्याच एकट्या मायोस होर्मोस बंदरातनं वर्षाला १२० जहाजं हिंदुस्थानाकडं निघतात. निघायची जुलैत, नैऋत्येचा वारा पाठीवर घेऊन, म्हणजे इथं पोचेपर्यंत पावसाळ्याचा जोर ओसरलेला. आपले कोळी नारळी पौर्णिमेला नारळ सोडून बोटी बाहेर काढतात त्याच्या थोडं मागंपुढं हे लोक किनाऱ्याला लागत असणार. मग हिवाळ्यात वारा उलटा फिरला की परत. 'मोसमी' वारे म्हणतो तो शब्द अरबी मौसिमवरनं आलाय, ऋतू, तेवढंच. बेरेनिकेच्या सेरापिस देवाच्या देवळाच्या आवारात जमिनीत पुरलेला भारतीय घडणीचा एक मोठा रांजण मिळाला, त्यात साडेसात किलो काळी मिरी होती. मिरी केरळची, तिचा रस्ता वेगळा, तिकडच्या मुझिरिस बंदराचा, त्यात आत्ता नको शिरायला.

आपल्या भागाची खरी माहिती मिळते ती 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकातनं. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यातलं, लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण माणूस इजिप्तमधला आणि धंद्यातला हे पानोपानी कळतं. कुठल्या बंदरात काय खपतं, कुठं उथळ वाळू आहे, कुठली दारू चालते (भडोचला इटलीची जास्त चालायची म्हणे) असलं सगळं. तो लिहितो की भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आहे आणि तिथनं पूर्वेला १० दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. पैठणहून अकीकासारखे दगड येतात आणि तगरहून साधं कापड भरपूर, शिवाय तलम कापडाचे प्रकार. आणि हे सगळं गाड्यांत घालून, जिथं धड रस्ताच नाही अशा मुलखातनं भडोचला आणतात.

हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. हो तेच, गोरोबा काकांचं तेर. १९०१ साली फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ही ओळख पटवली, त्याआधी लोक तगर भलतीकडंच शोधत होते. आता नकाशा काढून बघा, तेर ते भडोच. बैलगाडीनं महिनाभर, मध्ये गोदावरी, मग खानदेश, मग तापी, मग नर्मदा. आणि माल काय तर साधं कापड! सोनं-मोती असते तर समजलं असतं. एवढ्या लांबून जाडंभरडं कापड गाडीनं नेऊन ते जहाजात चढवून परत परवडत होतं, म्हणजे मधली माणसं, बैल, चारा, मुक्कामाच्या जागा, उधारी, हे सगळं किती रुळलेलं असेल विचार करा.

पण एक प्रश्न पडतोच. कल्याण आणि सोपारा जवळ असताना भडोचला कशाला वळसा? पेरिप्लसवाला तेही सांगतो. थोरल्या सातकर्णीच्या काळात कल्याण कायदेशीर बंदर होतं, पण दुसऱ्याच्या हातात गेल्यापासून तिथं अडवाअडवी चालू झाली, आता कुणी ग्रीक जहाज चुकून कल्याणला लागलंच तर त्याला पहारा लावून भडोचला नेतात. म्हणजे सरळसरळ धंदा पळवणं. भडोच क्षत्रपांचं, म्हणजे शक राजांचं, कोकणच्या बंदरांवर दावा सातवाहनांचा, आणि मधे हे परदेशी खलाशी, ज्यांना इथलं राजकारण समजलंही नसेल, फक्त आपलं जहाज वेगळ्याच दिशेला का चाललंय एवढं दिसत असेल.

या भांडणाचा शेवट कसा झाला त्याचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला निघाला. नहपान क्षत्रपाची १३ हजारांवर चांदीची नाणी एका ठिकाणी, आणि त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. वितळवत बसला नाही, त्याच नाण्यावर ठोकला शिक्का. काही नाण्यांवर खालचा नहपानाचा चेहरा अजून अर्धवट दिसतो. नहपानाच्या या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या होत्या हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. गौतमीपुत्राच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, नाशिकच्या लेण्यात लेकाचं जे कौतुक कोरून ठेवलंय त्यात त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं आहे. आईचं कौतुक म्हणून थोडं सोडून देऊ, पण त्यातल्या एका समुद्राच्या काठावर कल्याण होतं.

घाटावर चढायचं तर नाणेघाट होताच, कल्याणहून जुन्नरला आणि पुढं पैठणला. घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण जकातीचा म्हणतात, ट्रेकला जाणारे सगळे त्याच्याशेजारी फोटो काढतात. शेजारच्या लेण्यात नागणिका या सातवाहन राणीचा लेख आहे तो मात्र फार कमी जण वाचायचा प्रयत्न करतात, त्यात यज्ञ आणि दक्षिणा यांची यादीच यादी आहे, हजारांनी गाई आणि नाणी. एवढा पैसा कुठनं आला हे लेख सांगत नाही पण तो कोरलाय घाटाच्या तोंडावर, त्यावरनं काय ते समजा.

पैशाचं निघालंच आहे तर नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या १० नंबरच्या लेण्यातला ठेवीचा लेख बघाच, माझा सगळ्यात आवडता. नहपानाचा जावई उषवदात यानं ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवी म्हणून ठेवले. बँक कुठली? नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणी, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघटना! २००० एका श्रेणीकडं महिना १ टक्का व्याजानं, १००० दुसऱ्या श्रेणीकडं महिना पाऊण टक्क्यानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, अक्षयनीवी, म्हणजे कायमची एफडी. पहिल्या ठेवीचं व्याज वर्षाला २४० होतं, त्यातनं २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. हिशोब करून बघा, बरोब्बर जुळतो. राजाचा जावई पैसे ठेवायला विणकरांकडं जातो म्हणजे त्यांची पत काय असेल! कापडाला गिऱ्हाईक असल्याशिवाय विणकर दर महिन्याला व्याज देणार कुठनं.

आता यवन, म्हणजे त्या काळच्या लेखांतले ग्रीक किंवा पश्चिमेकडचे परदेशी. कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर दात्यांची नावं आहेत, त्यात एक 'धेनुकाकट (गावाचं नाव) इथला यवन सिहधय', सिंहध्वज म्हणा. जुन्नरला इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली. नाशिकला इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा, धम्मदेवाचा मुलगा, स्वतःला योनक, म्हणजे यवनच, म्हणवतो. यावरनं बरेच लोक थेट उडी मारतात की रोमन व्यापारी इथं येऊन बौद्ध झाले. थांबा जरा. सिंहध्वज, इंद्राग्निदत्त, धम्मदेव, ही काय अलेक्झांड्रियाहून काल उतरलेल्या माणसांची नावं नाहीत. यातले कितीतरी पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेले, वायव्येकडनं आलेल्या ग्रीकांचे वंशज असतील, आणि यवन हा शब्द तोवर बराच सैल झालेला. इरिल हे नाव मात्र इथलं वाटत नाही, तो बाहेरचा असू शकतो.

अशी उडी मारायची सवय अभ्यासकांनाही होतीच. १९४५ ला ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ व्हीलरनं पुद्दुचेरीजवळ अरिकमेडू खणलं आणि त्यानंतर जिकडंतिकडं रोमच दिसायला लागला. त्याच सुमारास कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ब्राँझच्या वस्तू मिळाल्या, त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडनची सुंदर छोटी मूर्ती, ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. समुद्राचा देव, समुद्रापासून एवढा आत, सह्याद्री चढून! ती खरोखर तिकडची, यात वाद नाही. पण खापरांचं तसं नाही. दोन कानांचे वाइनचे रोमन कुंभ म्हणून गावोगावच्या अहवालांत नोंदवलेली खापरं नंतर पुन्हा तपासली तेव्हा त्यातली बरीच इराक-इराणकडच्या, डांबर लावलेल्या लांबट कुंभांची निघाली. म्हणजे संबंध होतेच, फक्त सगळे रोमशी नव्हते, इराणचं आखात कायम मधे होतं आणि आपण ते विसरून गेलो होतो.

उलट्या दिशेनं गेलेली सगळ्यात प्रसिद्ध वस्तू म्हणजे इटलीतल्या पाँपेईची हस्तिदंती बाई. १९३८ साली इटालियन पुरातत्त्वज्ञ मायुरीला एका घरात सापडली, वीतभराहून थोडी मोठी, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. ७९ साली व्हेसुव्हियसनं शहर गाडलं म्हणजे ती त्याआधी तिथं पोचलेली. सुरुवातीला लक्ष्मी म्हणून गाजली, पण लक्ष्मीची काही खूण तिच्यात नाही. डोक्यातनं खालपर्यंत भोक आहे, म्हणजे ती पूजेची नाही, कसल्यातरी वस्तूचा भाग होती, आरशाची मूठ म्हणतात किंवा छोट्या टेबलाचा पाय. पुढं तशाच धाटणीच्या हस्तिदंती बाया आपल्याकडं निघाल्या, एक तेरला आणि एक जालना जिल्ह्यात भोकरदनला, जुनं भोगवर्धन. त्यामुळं पाँपेईची बाई दख्खनची असं बरेच जण मानतात. तिच्या तळाशी एक अक्षर कोरलंय, खरोष्ठी 'शि'. खरोष्ठी तर वायव्येची लिपी, मग काही जण तिला तिकडची ठरवतात. पण नहपानाच्या नाण्यांवरही खरोष्ठी होतीच की, आणि भडोच त्याच्याच ताब्यात. भोकरदनची बाई गाडीत बसून भडोचला गेली आणि तिथल्या कुणीतरी खूण म्हणून अक्षर कोरलं असं झालं असेल तर दोन्ही गोष्टी बसतात. हा माझा आपला अंदाज.

आणि कापड? ते तर कुजून जातं, पण बेरेनिकेच्या कोरड्या वाळूत टिकलं. सुती तुकडे, शिडाचं कापड. ते इथलं हे ओळखतात सुताच्या पिळावरनं. इजिप्तमध्ये सूत पारंपरिक एका बाजूला पिळायचे, आपल्याकडं त्याच्या उलट, कातणारीच्या हाताची सवय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतो ना, ते इथं शब्दशः खरं. त्यातला कुठला तुकडा तेरचा आणि कुठला गुजरातचा हे सुतावरनं सांगता येत नाही, पण पेरिप्लसवाल्याच्या वहीत तगरपुढं साधं कापड भरपूर असं लिहिलंय आणि बेरेनिकेच्या कचऱ्यात साध्याच कापडाच्या चिंध्या निघाल्यात.