काठी घेताना आधी लॉक बघा

राजमाचीहून कोंढाणे लेण्यांच्या बाजूने उतरताना माझी ट्रेकिंगची काठी अचानक वीतभर आखूड झाली. कट्ट नाही की फट्ट नाही. मी भार टाकला आणि वरच्या नळीने खालची नळी गिळली. खाली ओला मुरूम होता, त्यामुळे बूड तेवढं शेकलं. काठी नवी होती. दुकानात मी ती हातात घेऊन किती हलकी आहे हे तोलत बसले होते, एकमेकींत सरकणाऱ्या नळ्या जागेवर धरणाऱ्या लॉककडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

सह्याद्रीत काठीची खरी परीक्षा उतारावर होते. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि आपल्याला वर उचलतो; दम लागतो, पण पाय फारसे दुखत नाहीत. उतरताना मात्र हाच स्नायू लांबत असतानाच आवळून धरावा लागतो, गाडीच्या ब्रेकसारखा. या ओढाताणीत त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलू लागते. रविवारी गड उतरलेला माणूस मंगळवारी दादरच्या पुलावर ओळखू येतो. जिना ठीकठाक चढतो, उतरताना मात्र कठडा धरून खेकड्यासारखा तिरका. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रियन अभ्यासात २५ अंशांच्या उतारावर माणसं चालवून मोजमाप केलं होतं. दोन काठ्या घेतल्यावर गुडघ्याच्या सांध्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरला. हा भार अर्थात नाहीसा होत नाही, दंड आणि खांदे तो उचलतात. म्हणून काठ्या दोन हव्यात. एकच घेतली की आपण एका अंगावर कलत चालतो.

आता लॉक. माझ्या काठीचं पिळायचं होतं. नळी पिळली की आतला प्लॅस्टिकचा बोंडा फुगतो आणि नळीला आतून घट्ट बसतो. सगळी भिस्त घर्षणावर. पावसाळ्यात आत पाणी आणि चिखलाचा पातळ थर गेला की घर्षण घटतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. खटक्याचं लॉक बाहेरून आवळतं. खटका बसला की उघडा राहिला हे डोळ्यांना दिसतं, सैल वाटला तर बाजूचा स्क्रू जरासा फिरवायचा. दुकानातच काठी जमिनीवर टेकवून तिच्यावर सगळा भार टाकून बघावा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे.

नळी कशाची घ्यावी यावर ट्रेकर मंडळी लोकलमध्ये कर्जतपर्यंत भांडू शकतात. वाकताना सगळ्यात जास्त ताण नळीच्या बाहेरच्या अंगावर येतो, मधला भाग जवळपास फुकट असतो, म्हणून काठ्या पोकळ करतात. धनगराच्या हातातल्या बांबूत निसर्गाने हेच केलंय. त्याचे चिवट तंतू बाहेरच्या बाजूला जास्त दाट असतात. कार्बन फायबर हलकं आणि ताठ, पण टोक दोन धोंड्यांत अडकलं आणि आपण तसेच पुढे गेलो, की कडकन मोडतं. ॲल्युमिनियम वाकतं, आणि वाकलेल्या काठीने घरापर्यंत येता येतं. जोडीमागे वजनाचा फरक साधारण शंभर ग्रॅम, म्हणजे एक कटिंग चहा. मी ॲल्युमिनियमच घेईन.

लांबीचा हिशेब सोपा आहे. काठी उभी टेकवल्यावर कोपर काटकोनात हवं, उंचीला ०.६८ ने गुणलं की साधारण तोच आकडा येतो. १६५ सेंटीमीटर उंचीला ११२. उतारावर पाच-दहा सेंटीमीटर वाढवायची, चढावर तेवढीच कमी करायची. कातळटप्पा किंवा शिडी आली की काठ्या सरळ सॅकला लावायच्या, तिथे हातच लागतात. टंगस्टन कार्बाइडचं टोक आपल्या बेसॉल्टपेक्षा कठीण असतं. खाचखळग्यात ते छान रुततं. शेवाळलेल्या गुळगुळीत कातळावर मात्र तेही सरकतं आणि टोकावर चढवायची रबरी टोपीही. टोपी डांबरी रस्त्यावर कामाची, आणि लोकलच्या गर्दीत तर हवीच. मूठ कॉर्कची किंवा फोमची बरी. आपल्या घामात नुसत्या रबराने तळहाताला फोड येतात.

घरी आल्यावर नळ्या वेगळ्या करून, पुसून पंख्याखाली वाळवायच्या. तेल अजिबात लावायचं नाही, लॉक घसरतं. मी पहिल्या जोडीतली एक काठी जुलैभर तशीच ओली कोपऱ्यात उभी ठेवली होती. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली आणि नळ्या एकमेकींत अशा चिकटल्या की दोघांनी दोन टोकं धरून ओढूनही सुटल्या नाहीत. आता सासूबाई तिने छताखालच्या दांडीवर कपडे वाळत घालतात.