जुनं कारंजा पाहायला येताय? गाडी वेशीबाहेर ठेवा

नमस्कार. आम्ही दोघे भाऊ वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडचं जुनं गाव फिरवून दाखवतो. नृसिंह सरस्वतींच्या गुरुमंदिरात दर्शन झालं की जुनं गावही बघून घ्यावं म्हणून आपण आम्हाला फोन करता. त्यात ठरलेला प्रश्न असतो, "भाऊ, गाडी आतपर्यंत येते का?" उत्तर एकदाच नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

गाडी आत येते, निघताना फसते.

कारंज्याला चार वेशी आहेत: दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ. जिकडची वाट, तिकडचं नाव. वेशीतून गाडी सहज आत जाते आणि मोबाइलवरचा नकाशाही सरळ जा म्हणतो. पुढचे बोळ मात्र बैलगाडीच्या मापाचे. मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या पाहुण्यांची सात सीटांची गाडी अशाच एका वळणावर अडकली. डाव्या बाजूचा आरसा ओट्याला टेकलेला, मागे सिलिंडरचा ऑटो उभा. समोरच्या आजींनी कुरडया वाळत घातलेली बाज दोघांनी उचलून घरात नेली, तेव्हा कुठे गाडी मागे घेता आली. पाऊण तास तिथंच गेला. पाहुण्यांना मूर्तिजापूरहून रेल्वे धरायची होती, त्यामुळे एकच मंदिर बघून ते परतले. एवढ्या लांबून आलेली माणसं अशी गेली, याचं आम्हाला फार वाईट वाटलं.

म्हणून आता आमचा नियम पक्का आहे. गाडी वेशीबाहेर ठेवायची, तिथून आमचा ऑटो, आणि बोळात पायी. आजी-आजोबा सोबत असतील तर ऑटो जाईल तिथपर्यंत नेतो. ऑटोचं भाडं वाढावं म्हणून हा नियम केला, असं काहींना वाटतं. तसं नाही. ऑटो फीमध्येच धरलेला आहे, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

दुसरी तक्रार फेरीला अडीच तास लागतात याची. काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरेच्या मंदिरातलं लाकडावरचं कोरीवकाम एकदा बघा. पाच मिनिटांत बाहेर येतो म्हणणारी माणसं मान वर करून उभीच राहतात. सेनगण आणि बलात्कारगण या दुसऱ्या दोन जैन परंपरांचीही मंदिरं इथं आहेत. भट्टारकांच्या, म्हणजे जैन मठांच्या प्रमुखांच्या, या तीन परंपरा एकाच गावात नांदल्या, म्हणूनच इथल्या ग्रंथभांडारांत जुन्या हस्तलिखितांचा एवढा साठा झाला. पुष्पदंताचं दहाव्या शतकातलं, अपभ्रंश या जुन्या भाषेतलं काव्य 'जसहरचरिउ' 1931 साली छापलं गेलं, ते कारंजा जैन ग्रंथमालेतच. हस्तलिखितं बघायला मिळतीलच असा शब्द आम्ही देत नाही, तो अधिकार मंदिराचा. मंदिरात जाताना चामड्याचा पट्टा, पाकीट गाडीतच ठेवा आणि फोटो विचारूनच काढा.

कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट मात्र आमच्याच तोंडून ऐका. कस्तुरी लादलेले उंट घेऊन एक व्यापारी आला, इथल्या शेठनं सगळा माल एकदम विकत घेतला आणि बांधकामाच्या चुन्यात कालवला, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लाड व्यापाऱ्यांच्या कारंज्याची श्रीमंती काय होती, ते या एका गोष्टीत कळतं.

दत्तावतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव. गुरुमंदिरात निर्गुण पादुकांची स्थापना 1934 साली झाली. तिथलं तुम्हाला बहुतेक ठाऊकच असतं, म्हणून आम्ही जास्त बोलत नाही. मुलं सोबत असली तर शकुंतला रेल्वेच्या स्टेशनाकडे नेतो. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची गाडी इथूनच जायची, 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर. आता बंद आहे, पण आमच्या वडिलांनी तिच्यातून केलेल्या प्रवासाच्या आठवणी आम्ही सांगतो.

बाजारात सराफा, भांडी, कापड, जे हवं ते दाखवतो. कोणत्याही दुकानातून कमिशन घेत नाही, त्यामुळे घासाघीस तुमची तुम्हीच मोकळेपणानं करा.

शक्यतो सकाळी आठला या. उन्हाळ्यात दुपारी मंदिराच्या आवारात अनवाणी पाय भाजतात. चार जणांपर्यंत 600 रुपये, ऑटो आणि चहासकट. दत्तजयंतीच्या आठवड्यात आधी फोन केल्याशिवाय येऊ नका, त्या दिवसांत आम्हा दोघा भावांना श्वास घ्यायला सवड नसते.

आणि गाडीत बसण्याआधी नकाशात 'कारंजा लाड, जिल्हा वाशीम' असं पूर्ण टाका. वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे वेगळं, तिथं पोचून आम्हाला फोन करणारे दरवर्षी असतात. समृद्धी महामार्गावरून येत असाल तर कारंजा लाडच्याच इंटरचेंजला उतरा. उतरलात की फोन करा, वेशीजवळ ऑटो घेऊन उभे राहतो.