राखीव रानं आणि रानाकाठची माणसं : कोल्हापूरच्या लोकसहभागाची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सह्याद्रीतल्या आठ नव्या संवर्धन राखीव क्षेत्रांना मंजुरी दिली. त्यातली विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही पाच क्षेत्रं कोल्हापूर जिल्ह्यातली. पाचांचं मिळून क्षेत्रफळ सातशे चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे राधानगरी अभयारण्याच्या जवळपास दुप्पट. पुढं पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारालाही हाच दर्जा मिळाला. चांदोलीपासून राधानगरीमार्गे तिलारी आणि गोव्याच्या म्हादईपर्यंत वाघाला सलग रान मिळावं, हा या साखळीमागचा हेतू. नकाशावर ती सुरेख दिसते. पण त्या नकाशात वाड्या आहेत, नाचणीची वावरं आहेत, गुरांच्या वाटा आहेत. त्यामुळं घोषणा झाली तशी गावोगावी विचारणा सुरू झाली : आता जळण तोडायचं की नाही? गुरं कुठं न्यायची?

कायद्यात याचं उत्तर आहे, ते गावापर्यंत पोहोचत नाही एवढंच. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं संवर्धन राखीव हा प्रकार आणला. तो फक्त सरकारी मालकीच्या जमिनीला लागू होतो, जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी सल्लामसलत करावी लागते आणि आत राहणाऱ्यांचे हक्क अबाधित राहतात. देखरेखीच्या समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. अभयारण्यापेक्षा ही तरतूद खूपच सौम्य आहे. तरीही लोक घाबरले. ते का घाबरले हे कळायला शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

त्याही आधी इथं राखण होती, ती देवाच्या नावानं. आजरा, चंदगड, भुदरगड, शाहूवाडी या पट्ट्यात आजही देवराया आहेत. रवळनाथाची, भावेश्वरीची, कुठं नुसत्या शेंदूर फासलेल्या धोंड्याची. पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, चपला बाहेर काढायच्या, देवळाच्या कामाला लाकूड लागलंच तर आधी कौल लावायचा. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा अभ्यासकांना त्यांचं मोल समजलं. गावाला ते झऱ्याच्या पाण्यावरून आधीच ठाऊक होतं. इथं नियम गावाचा, दंड गावाचा आणि पाणीही गावाचंच. माझ्या मते या जिल्ह्यातल्या पुढच्या प्रत्येक योजनेचं यशापयश याच तिन्हींवर ठरलं.

संस्थानकाळात राखणीचा दुसरा प्रकार आला. दाजीपूरचं जंगल हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. तिथं कुऱ्हाड चालली नाही म्हणून गवे टिकले हे खरं, आणि त्या राखणीत रयतेला विचारायचा प्रश्न नव्हता हेही खरं. त्याच दाजीपूरच्या खाली शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर धरण बांधायला घेतलं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली, पण त्या पाण्यावर पुढं ऊस उभा राहिला आणि गावं सुखवस्तू झाली. वर रान राखलं म्हणून खाली पाणी, हा हिशेब इथल्या शेतकऱ्याला कुणी पुस्तकातून शिकवावा लागत नाही. अडचण एवढीच की राखण्याचा भार वरच्या वाड्यांवर आणि पाण्याचा लाभ खालच्या गावांना, अशी वाटणी तेव्हापासून पडली. ती अजून तशीच आहे.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९५८ मध्ये दाजीपूर गवा अभयारण्य जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यात महाराष्ट्रातली चार होती आणि त्या चारांत राधानगरी. मान मोठाच होता. आतल्या आणि काठच्या वाड्यांना मात्र या सगळ्यातून मुख्यतः मनाई मिळाली. रस्ता अडला, विजेची तार अडली, आणि रात्रीत गव्यांचा कळप भात तुडवून गेला की पंचनामा, मग भरपाईची वाट. संवर्धन म्हटलं की पोटात गोळा येतो तो या अनुभवातून.

चित्र थोडं पालटलं ते पर्यटनामुळं. मे महिन्याच्या अखेरीस, वळीव पडून गेल्यावर, राधानगरीच्या रानात झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. त्यासाठी आता काजवा महोत्सव भरतो. वाटाड्या गावचा, जेवण गावचं, राहण्याची सोय गावची. सावराईच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, न्यायलाही स्थानिक पोरंच. ज्या घरातला पोरगा वाटाड्या म्हणून चार पैसे कमावतो, त्या घरातून वणव्याची खबर आधी येते. गर्दी वाढली की गाड्यांचे दिवे आणि गोंगाट काजव्यांनाच मुळावर येतात. म्हणून किती माणसं सोडायची, हे गावानं ठरवायला हवं असं मला वाटतं.

डोंगरवाटांच्या भटकंतीचा कोल्हापूरचा खरा वारसा मात्र पन्हाळा ते पावनखिंड हा आहे. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले आणि दुसऱ्या दिवशी बाजीप्रभूंनी खिंड लढवली. त्याच वाटेनं दरवर्षी आषाढात हजारो तरुण भर पावसात चालतात. मसाई पठार ओलांडायचं, चिखलात रुतत करपेवाडीकडं उतरायचं, पांढरपाण्यावरून खिंड गाठायची. या मोहिमा गिर्यारोहण संस्था आणि तालमीची मंडळं काढतात, पण त्या तगल्या वाटेवरच्या वाड्यांच्या जिवावर. शाळेच्या खोल्या उघडून देणं, भिजलेल्यांना चुलीपाशी घेणं, भाकरी-पिठलं वाढणं, हे सगळं त्यांनी केलं. बदल्यात शहरातल्या मंडळांनी वह्या, दप्तरं, आरोग्य शिबिरं नेली. कुठल्याही सरकारी योजनेविना टिकलेला हा देवघेवीचा व्यवहार आहे. मसाई पठाराच्या राखणीला पाठिंबा उभा करायचा तर सुरुवात याच नात्यापासून करावी. पठारावर फुलं येतात त्या दिवसांत तिथंच चारचाकी फिरवणारेही कोल्हापूरचेच असतात, ही दुखरी गोष्टही त्याबरोबर बोलायला हवी.

जांभ्याच्या या सड्यांना दुसरा धोका बॉक्साइटचा. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांत पठारं खणली गेली. वरून उजाड दिसणारा सडा पावसाचं पाणी धरतो आणि खाली झऱ्यांना सोडतो. तो खणला की खालच्या वाडीचा झरा आटतो. खाणींना गावांनी विरोध केला तो मुख्यतः पाण्यासाठी आणि धुळीनं माखणाऱ्या पिकांसाठी. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात ग्रामसभांना विचारून ठरवा, असा आग्रह होता. अहवाल बाजूला पडला आणि गावात पोहोचली ती बंदीची अफवा.

शहरात मोकळ्या जागेचा प्रश्न वेगळा दिसतो, पण माणसं तीच. रंकाळा तलावात सांडपाणी मिसळून केंदाळ माजलं, पाणी हिरवंगार पडलं, तेव्हा रोज पहाटे काठानं फिरणारेच आधी ओरडले. पुढं राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला, त्यामागं तो रेटा होता. शिवाजी विद्यापीठाचा साडेआठशे एकरांचा परिसरही आज फिरायला येणाऱ्यांचा, पक्षी पाहणाऱ्यांचा आहे. आणि पंचगंगेचं पात्र! राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं आणि २०२१ मध्ये पुन्हा तेच. पूररेषेतल्या भरावाविरुद्धच्या तक्रारी तेव्हापासून वाढल्या. पुरात ज्या पेठांनी बोटी काढल्या, हजारोंचं जेवण रांधलं, त्याच पेठांना आता नदीकाठच्या मोकळ्या जमिनीचं महत्त्व सांगावं लागत नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात पन्हाळा आहे. पन्हाळ्यावर नांदतं गाव आहे, नगरपरिषद आहे. मानांकनाआधी पन्हाळकरांनी घरदुरुस्ती, व्यवसाय आणि नव्या निर्बंधांबद्दलची धास्ती उघड बोलून दाखवली होती. गडाच्या पायथ्याशी, मसाईच्या अंगाला असलेल्या वाड्यांचे प्रश्नही हेच आहेत. संवर्धन राखीवच्या समितीत आपल्या ग्रामपंचायतीची खुर्ची आहे, हे या वाड्यांच्या प्रत्येक ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवणं आणि चराईच्या वाटा आधी कागदावर आणणं, ही दोन कामं तातडीची आहेत.